जुने पोलीस ठाणे, नवा कॅमेरा

‘रेसिडेंट ईव्हिल २’ हा कॅपकॉम या जपानी कंपनीचा खेळ १९९८ च्या जानेवारीत सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवर आला आणि त्याच कंपनीने तो मुळापासून नव्याने बांधून, म्हणजे त्याचा रिमेक करून, २५ जानेवारी २०१९ रोजी पुन्हा बाजारात आणला. दोन्हींतली गोष्ट एकच आहे. रकून सिटी नावाच्या काल्पनिक अमेरिकी शहरात विषाणूमुळे माणसांचे झोंबी झाले आहेत. नोकरीच्या पहिल्याच दिवशी हजर व्हायला निघालेला लिऑन केनेडी हा पोलीस आणि भावाच्या शोधात आलेली क्लेअर रेडफिल्ड ही महाविद्यालयीन तरुणी तिथल्या पोलीस ठाण्यात अडकतात आणि गटारांतून, भूमिगत प्रयोगशाळेतून वाट काढत शहराबाहेर पडण्याची धडपड करतात. यंदाच्या उन्हाळ्यात अकरावीतला भाचा सुटीत नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरी राहायला आला असताना त्याने रिमेक आणि मी मूळ खेळ असे दोन्ही शेजारी शेजारी बसून खेळलो, आणि मग आम्ही अदलाबदल केली. हे परीक्षण त्या तुलनेतून आलेले आहे.

रिमेक मूळ कृतीशी प्रामाणिक असावा की त्याने नवे काही मांडावे, या वादात हा खेळ दोन्ही बाजू आपल्या पुराव्यादाखल पुढे करतात, यातच त्याचे वैशिष्ट्य आहे. जुन्या खेळाचे चाहते म्हणतात की ठाणे, पात्रे, कोडी, खेळ जतन करण्याचे टंकलेखन यंत्र सगळे जागच्या जागी आहे; नव्याचे पुरस्कर्ते म्हणतात की कॅमेरा, नेमबाजी, हालचाल यांपैकी काहीही जुने उरलेले नाही. दोघांचेही खरे आहे. माझ्या मते मात्र या रिमेकचे यश त्याने काय ठेवले आणि काय बदलले याच्या हिशेबात सापडत नाही. मूळ खेळाच्या प्रत्येक मर्यादेतून खेळाडूच्या मनावर नेमका कोणता परिणाम होत होता हे त्याच्या कर्त्यांनी ओळखले, मर्यादा काढून टाकली आणि परिणाम दुसऱ्या साधनांनी पुन्हा उभा केला. जिथे हे केले तिथे रिमेक मूळ खेळाच्या बरोबरीला, काही ठिकाणी त्याच्याही पुढे जातो. जिथे केवळ जुने नाव राखून आतला आशय सोडून दिला तिथे तो साफ कोसळतो.

आधी कॅमेऱ्याकडे पाहू. १९९८ च्या यंत्राला प्रत्येक खोली क्षणोक्षणी त्रिमितीत रंगवणे झेपण्यासारखे नव्हते, म्हणून खोल्यांची चित्रे आधीच तयार करून ठेवलेली असत आणि त्यांवर फक्त पात्रे हलत. चित्र स्थिर, म्हणून कॅमेराही स्थिर. तो कधी छताच्या कोपऱ्यात, कधी फरशीलगत, तर कधी खिडकीच्या पलीकडे लावलेला असे. याचा परिणाम असा, की खेळाडू ज्या दिशेने चालला आहे तिकडचे त्यालाच दिसत नसे. पलीकडून पाय घासत येणाऱ्या झोंबीचा आवाज येई, पण तो किती अंतरावर आहे हे चौकट बदलेपर्यंत कळत नसे. भीतीचा अर्धा भाग या न दिसण्यात होता. दुसरी मर्यादा दारांची. पुढची खोली डिस्कवरून वाचायला वेळ लागे, म्हणून प्रत्येक वेळी काळ्या पडद्यावर एक दार सावकाश उघडताना दाखवत. यंत्राची सोय म्हणून केलेल्या या युक्तीने खेळाला श्वास दिला. दाराआड काय आहे याची धाकधूक त्या काही सेकंदांत वाढे आणि दार ओलांडले की मागचा झोंबी मागेच राही, कारण त्याला दार ओलांडता येतच नसे.

रिमेकमध्ये कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आहे. म्हणजे खेळाडूला आता पुढचे सगळे दिसायला हवे आणि त्या हिशेबाने भीती निम्म्यावर यायला हवी. तसे होत नाही, कारण कर्त्यांनी ठाण्यातली वीज घालवली. बहुतेक मार्गिका अंधाऱ्या आहेत आणि हातातल्या बॅटरीचा झोत पडेल तेवढेच दिसते. पूर्वी चौकट जे लपवत होती ते आता अंधार लपवतो. नेमबाजी सोपी होईल ही भीतीही अशीच निकालात काढली आहे. चालता चालता नेम विस्कटतो, थांबल्यावर हळूहळू जमतो, आणि थांबणे म्हणजे अंगावर येणाऱ्या प्रेताला वेळ देणे. डोक्यात तीन-चार गोळ्या बसूनही झोंबी पुन्हा उठतो आणि गोळ्या तर मोजक्याच असतात. दारांच्या बाबतीत बदल सर्वांत धीट आहे. आता खोली वाचायला थांबावे लागत नाही, त्यामुळे दाराची चित्रफीत गेली, पण तिच्याबरोबर दाराचे अभयही गेले. झोंबी दारावर धडका देतात, आत येतात, खिडक्यांतूनही येतात; त्या खिडक्या फळ्यांनी बंद करायच्या तर फळ्याही सगळ्या खिडक्यांना पुरत नाहीत.

आणि मग मिस्टर एक्स. मूळ खेळात हा लांब कोट घातलेला राक्षस फक्त दुसऱ्या फेरीत, म्हणजे एका पात्राने खेळ संपवून दुसऱ्या पात्राने तो खेळताना, ठरावीक जागी, भिंत फोडून समोर येई. रिमेकमध्ये तो एकदा ठाण्यात शिरला की जिने चढतो, मार्गिका पालथ्या घालतो, गोळीच्या आवाजाच्या रोखाने येतो आणि त्याला मारता येत नाही, फार तर काही क्षण गुडघ्यावर आणता येते. वरच्या मजल्यावर त्याच्या बुटांचा आवाज ऐकत खाली कोडे सोडवण्याचा अनुभव मूळ खेळात कुठेही नाही. तरीही तो मूळ खेळाचाच वाटतो, कारण न दिसणाऱ्या वस्तूचा केवळ आवाज ऐकून निर्णय घ्यायला लावणे हेच जुन्या स्थिर कॅमेऱ्याचे काम होते.

इथे नागपूरकरांसाठी एक व्यावहारिक सूचना केली पाहिजे. हा खेळ कानांनी खेळायचा आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे खिडकीत कूलर घरघरत असताना स्पीकरवर खेळल्यास मिस्टर एक्सची पावले कूलरच्या आवाजात पूर्ण बुडून जातात. मग तो अचानक दारात उभा दिसतो आणि खेळ अन्यायकारक वाटू लागतो. भाच्याची सुरुवातीची चिडचिड निव्वळ याच कारणाने होती. कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावल्यावर त्याला पावले वर आहेत की शेजारच्या खोलीत, डावीकडे की उजवीकडे, हे ओळखू येऊ लागले आणि त्याच्या खेळण्याची रीतच बदलली. हे हेडफोन महागडेच असावेत असे मुळीच नाही.

ठाण्याच्या इमारतीविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण तीच या खेळाची खरी नायिका आहे. खेळातल्या कथेनुसार ही इमारत पूर्वी कलासंग्रहालय होती, आणि म्हणूनच पोलीस ठाण्यात पुतळे, रत्ने बसवायच्या खाचा आणि चित्रविचित्र किल्ल्या का आहेत याचे निदान वरवरचे तरी स्पष्टीकरण मिळते. आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या १८६३ च्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, उद्या पोलिसांनी कारभार थाटला तर जसे वाटेल तसेच काहीसे. मूळ खेळात ही इमारत तुकड्यातुकड्यांत दिसे. प्रत्येक चौकट स्वतंत्र चित्रासारखी असल्याने दोन खोल्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत हे नकाशा पाहूनच समजे. रिमेकमध्ये ती सलग आहे. मुख्य दालनातून पश्चिमेच्या मार्गिकेत, तिथून जिन्याने वर आणि फिरून पुन्हा दालनाच्या सज्जात आल्यावर इमारत आपल्या पायांत बसते, आणि काही तासांनी नकाशाशिवाय पळता येते. ही ओळख घडल्याशिवाय मिस्टर एक्सचा पाठलाग रंगलाच नसता. नकाशाही आता खोलीतली वस्तू उचलायची राहिली असेल तर ती खोली लाल दाखवतो आणि सगळे संपले की निळी. जुन्या पठडीतल्या काहींना ही सवलत जास्त वाटेल. मला ती रास्त वाटली, कारण मूळ खेळात हरवून जाण्यातला बराचसा वेळ भीतीचा नव्हे तर कंटाळ्याचा होता.

अदलाबदल केल्यावर भाच्याची मूळ खेळावरची पहिली प्रतिक्रिया अशी होती: “मामा, हा पोट्टा वळाले इतका वेळ काहून लावते?” जुन्या नियंत्रणांत वरची कळ दाबली की पात्र स्वतःच्या तोंडाच्या दिशेने पुढे जाते आणि डावी-उजवी कळ त्याला जागेवरच फिरवते, चौकट क्षणाक्षणाला बदलत असल्याने दिशा कायम राहावी म्हणून ही योजना होती. आजच्या हातांना ती जड जाते हे मान्य करायला हवे. मात्र ज्या गोष्टीसाठी मी त्याच्या हाती मूळ खेळ दिला होता ती त्याला रात्री उशिरा बरोबर सापडली. ठाण्यातल्या एका मार्गिकेत खिडकीबाहेरून काहीतरी सरपटत जाते आणि कॅमेरा आपल्याला ते क्षणभरच दिसू देतो. कॅमेरा खेळाडूच्या हाती दिल्यावर खेळाडू नेमका त्या क्षणी खिडकीकडेच पाहील याची खात्री देता येत नाही. दिग्दर्शकाने रचलेली चौकट ही मूळ खेळाची मिळकत होती, आणि रिमेकने तिची भरपाई कितीही केली तरी ती तशीच्या तशी त्याला परत आणता आलेली नाही.

कथेतल्या बदलांपैकी एकच उदाहरण पुरेसे आहे. बंदुकांच्या दुकानाचा मालक केंडो मूळ खेळात सुरुवातीलाच भेटतो, दोन वाक्ये बोलतो आणि काच फोडून आलेल्या झोंबींच्या हाती मरतो. रिमेकमध्ये तो बराच उशिरा, लिऑनच्या गोष्टीत भेटतो. त्याची लहान मुलगी संसर्गाने झोंबी होत चालली आहे, तो तिला उचलून आतल्या खोलीत नेतो आणि बाहेर फक्त गोळीचा आवाज ऐकू येतो. नाव, दुकान, मृत्यू सगळे जुनेच आहे, तरी त्यातून आता शहरातल्या साध्या माणसांचे काय झाले ते कळते. याउलट नव्याने घातलेला अनाथाश्रमाचा प्रसंग, ज्यात शेरी ही छोटी मुलगी होऊन पोलीसप्रमुखापासून लपायचे असते, मला ओढूनताणून आणलेला वाटला. तिथे ना इमारतीची ओळख होते ना गोळ्यांची काटकसर कामी येते.

आता या रिमेकची खरी उणीव. मूळ खेळ प्लेस्टेशनवर दोन डिस्कवर आला होता, एक लिऑनची आणि एक क्लेअरची, आणि एका पात्राने पहिली फेरी संपवली की दुसऱ्या पात्राची दुसरी फेरी त्याच रात्रीची दुसरी बाजू दाखवत असे. पहिल्या फेरीतल्या कृतीचे पडसाद दुसरीत उमटत. शस्त्रागारात सबमशीनगन आणि जादा सामान बाळगण्याची थैली अशा दोन वस्तू ठेवलेल्या असत. पहिल्याने दोन्ही उचलल्या तर दुसऱ्याच्या वाट्याला रिकामे कपाट येई. प्रयोगशाळेतल्या एका दाराला दोघांच्याही बोटांचे ठसे लागत, म्हणून पहिल्या फेरीत ठसा नोंदवून ठेवला तरच ते दुसरीत उघडे. दुसरा माणूस याच इमारतीत कुठेतरी आहे, ही जाणीव अशा लहानसहान गोष्टींतून पक्की होई. त्या काळी हे विलक्षण होते आणि आजही आहे.

रिमेकमध्ये दुसरी फेरी नावाला आहे. सुरुवातीची जागा वेगळी आहे, काही वस्तू आणि कोड्यांची उत्तरे बदलली आहेत, शेवट थोडा लांबवला आहे; पण लिऑन आणि क्लेअर दोघेही जवळपास तीच कोडी सोडवतात, त्याच राक्षसाला त्याच ठिकाणी हरवतात, आणि ॲनेट बर्किन ही शास्त्रज्ञ दोन्ही गोष्टींत वेगवेगळ्या तऱ्हेने मरते. दोन्ही फेऱ्या एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत. विसंगती मूळ खेळातही होत्या, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पण त्या जोडकामातल्या फटी होत्या, इथे जोडकामच नाही. आश्चर्य असे, की याच रिमेककडे ही रचना पुढे नेण्याची सर्व साधने होती. पहिल्या फेरीत ज्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या त्या दुसऱ्या फेरीत बंदच मिळाल्या असत्या, ज्या मार्गिकेत झोंबी न मारता सोडून दिले तिथे ते दुसऱ्याला भेटले असते, तर मूळ कल्पनेला २०१९ चे रूप मिळाले असते. इथे माझी तक्रार बदल केल्याची नाही. पुरेसा बदल न करता जुनी पाटी तेवढी लावल्याची आहे.

संगीताबाबतही असाच घोळ आहे. रिमेकचे पार्श्वसंगीत बहुतांशी दबलेले, कुजबुजते आहे, आणि पावलांच्या आवाजाला वाव मिळावा म्हणून ते तसे असणे समजण्यासारखे आहे. मूळ संगीत लावण्याची सोय आहे, पण ती जादा पैसे मोजून किंवा महागड्या आवृत्तीबरोबर मिळते. जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग आज दोन-अडीच तासांवर आणताना पदे गाळावी लागतात हे रसिक समजून घेतो. मात्र गाळलेली पदे ऐकायची असतील तर वेगळे तिकीट काढा, असे त्याला कोणी सांगितले तर तो उठून जाईल.

याच मालिकेतल्या इतर रिमेकांशी तुलना केली की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. पहिल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’चा २००२ चा रिमेक मूळ दिग्दर्शक शिंजी मिकामी यांनीच केला आणि स्थिर कॅमेरा कायम ठेवला; पण मारलेला झोंबी जाळला नाही किंवा त्याचे डोके उडवले नाही तर तो काही वेळाने अधिक चपळ होऊन उठतो, हा एकच नियम घालून त्यांनी जुन्या जाणकारांचे सगळे आडाखे चुकवले. उलट ‘रेसिडेंट ईव्हिल ३’च्या २०२० च्या रिमेकने घड्याळाच्या मनोऱ्याचा परिसर वगळला, खेळाडूला ऐनवेळी निवड करायला लावणारे प्रसंग काढले आणि पाठलाग करणाऱ्या नेमेसिसला बहुतेक ठिकाणी ठरीव प्रसंगांत बांधून टाकले. त्याचा पडदा कितीही देखणा असला तरी हाती उरतो तो अर्धा खेळ.

प्रामाणिकपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. १९९८ चा ‘मूळ’ खेळ स्वतःच एक पुनर्रचना होता. त्याची बरीच पुढे गेलेली पहिली आवृत्ती, जी आज ‘दीड’ या नावाने ओळखली जाते, कर्त्यांनी स्वतः रद्द केली. तिच्यात ठाणे साधे आधुनिक कार्यालयासारखे होते आणि क्लेअरच्या जागी एल्झा वॉकर नावाची मोटारसायकलस्वार तरुणी होती. दिग्दर्शक हिदेकी कामिया यांच्या चमूने ते सगळे मोडून पुन्हा बांधले, म्हणून आपल्याला संग्रहालयातले ठाणे मिळाले.

तरीही मोडतोडीचे स्वातंत्र्य एका अटीवर द्यावे: मूळ खेळ विकत मिळत राहिला पाहिजे. ‘वॉरक्राफ्ट ३’ची २०२० ची नवी आवृत्ती आली तेव्हा जुनी प्रत असलेल्यांचा खेळही तिच्यात ओढला गेला. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने ‘व्हाइस सिटी’ खेळून मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला २०२१ ची ‘जीटीए’ त्रयी, म्हणजे ‘व्हाइस सिटी’सह तीन जुन्या खेळांची नवी आवृत्ती, अधिक जिव्हारी लागली. जुने तिन्ही खेळ ऑनलाइन दुकानांतून आधीच उतरवले गेले होते आणि नव्यांत चुका इतक्या होत्या की रॉकस्टार या त्यांच्या कंपनीला माफी मागून संगणकावरचे जुने खेळ आपल्या दुकानात परत ठेवावे लागले. आपल्या या रिमेकवरही असा प्रसंग आला होता. २०२२ च्या जूनमध्ये आलेल्या सुधारणेने संगणकावरील किमान गरजा वाढल्या, तक्रारी झाल्या आणि कॅपकॉमने स्टीम या ऑनलाइन दुकानात आधीची आवृत्ती निवडण्याची सोय पुन्हा दिली. १९९८ चा खेळही २०२४ पासून जीओजी या ऑनलाइन दुकानात आजच्या विंडोजवर चालेल अशा स्वरूपात अधिकृतपणे मिळतो. त्यामुळे या एका खेळापुरता तरी वाद निरर्थक झाला आहे. दोन्ही घ्या, दोन्ही खेळा.

खरेदीबाबत थोडके. रिमेक स्टीमवर किंवा प्लेस्टेशनच्या दुकानात सवलतीत वारंवार येतो, तेव्हा पूर्ण किंमत देण्याची घाई करू नये. सीताबर्डीत किंवा सदरमध्ये जुनी डिस्क घेणार असाल तर ती दुकानातच यंत्रावर लावून पाहा. चकचकीत दिसणारी एक डिस्क अर्ध्यावर अडकल्याचा अनुभव आमच्या घरात आहे आणि ती परत घ्यायला दुकानदार तयार झाला नव्हता. आठ जीबी रॅमच्या मध्यम संगणकावर रिमेक चालतो. जुन्या ग्राफिक्स कार्डवर अडखळत असेल तर स्टीममधली ती आधीची आवृत्ती निवडावी. पहिल्यांदा खेळणाऱ्याने साधी पातळी घ्यावी आणि हार्डकोअर ही कठीण पातळी दुसऱ्या वेळेसाठी ठेवावी, कारण हार्डकोअरमध्ये खेळ जतन करायलाही मूळ खेळासारख्याच शाईच्या फिती खर्च कराव्या लागतात. रिमेकमध्ये लिऑन आधी की क्लेअर याने फारसे बिघडत नाही. मूळ खेळात मात्र क्लेअरची पहिली आणि लिऑनची दुसरी फेरी हाच क्रम घ्यावा, आणि शस्त्रागारातली एक वस्तू त्याच्यासाठी सोडावी.